अवामोरीच्या नोंदी: कणी, काळी बुरशी आणि एक बरणी

६ सप्टेंबर २०२५, शनिवार, नाहा (ओकिनावा, जपान)

आज तिकडे अनंत चतुर्दशी. दुपारपासून फोनवर विसर्जनाचे व्हिडिओ येऊन पडतायत, आणि इथे ओकिनावात आज उकुई, म्हणजे चांद्र पंचांगाप्रमाणे पितरांचे जे तीन दिवस असतात त्यातला शेवटचा, पितरांना निरोप द्यायचा. खालच्या मजल्यावरच्या ओबाने (इथे आजीला ओबा म्हणतात) जेवायला बोलावलेलं. देवघरासारखं लाकडी कपाट, त्यात पितरांच्या नावांच्या पाट्या, समोर फळं, बाजूला उसाची कांडकी, ती पितरांना परत जाताना काठी म्हणून, आणि मधोमध एका टीचभर पेल्यात अवामोरी, इथली तांदळाची दारू. शेवटी कागदाचे पैसे पत्र्याच्या भांड्यात जाळले आणि ओबाने त्यावर तोच पेला ओतला, चर्रर्र झालं आणि खोलीभर शिजलेल्या तांदळाचा आणि मागून हलकासा व्हॅनिलाचा वास. व्हॅनिला? तांदळाच्या दारूला? आमच्या गावी राखणदाराला बाटली चालते पण पितरांच्या पानावर कोणी ठेवली असती तर आजीने घर डोक्यावर घेतलं असतं.

पुण्यातल्या आमच्या आंबवण ग्रुपचं नोव्हेंबरचं सेशन माझ्यावर आलंय आणि मी दोन महिने "बघतो, बघतो" करतोय. विषय ठरला. १ नोव्हेंबरला इथे अवामोरी दिवस असतो आणि तो नेमका शनिवार आहे, म्हणजे तारीखपण ठरली. नोंदी इथे ठेवत जाईन म्हणजे शेवटच्या आठवड्यात गडबड नको.

९ सप्टेंबर, मंगळवार

ग्रुपमधल्या निम्म्या मंडळींना जपानी दारू म्हणजे साके एवढंच माहितीये, म्हणून आधी ते. साके आंबवतात, भट्टीला लावत नाहीत. अवामोरी भट्टीवर गाळतात, आणि तीही एकदाच. तांदूळ लांब दाण्याचा, थायलंडहून येणारा, त्यातही बरीच वर्षं मुख्यतः कणी वापरायचे कारण स्वस्त. इथला चिकट तांदूळ कोजी लावताना गोळे धरतो, थाई तांदूळ मोकळा राहतो, ज्याने कधी खिचडी आणि पुलाव दोन्ही केलेत त्याला हे वेगळं सांगायला नको. कोजी म्हणजे वाफवलेल्या तांदळावर मुद्दाम वाढवलेली बुरशी. तांदळात साखर नसते, पीठ असतं, यीस्टला पीठ खाता येत नाही, बुरशी त्या पिठाची साखर करून देते. साकेवाले थोड्या तांदळाची कोजी करतात आणि बाकीचा नुसता वाफवून वरून टाकतात. अवामोरीत मात्र सगळाच्या सगळा तांदूळ कोजी होतो, मग त्यात पाणी आणि यीस्ट, दोनेक आठवडे आंबतं, त्याला मोरोमी म्हणतात, ते साधारण १८ टक्क्यांपर्यंत जातं आणि मग भट्टीत.

आणि बुरशी काळी. साकेची कोजी पिवळसर असते, ही काळी. नाव ॲस्परजिलस लुचुएन्सिस, लुचू म्हणजे र्युक्यू, इथल्या जुन्या राज्याचंच नाव बुरशीला. ही बुरशी भरपूर सायट्रिक ॲसिड सोडते, म्हणजे आपलं लिंबूफूल. ओकिनावाची हवा कोकणाची चुलत बहीण आहे, दमट, गरम, रात्रीची आमटी सकाळी फसफसलेली. अशा हवेत उघड्यावर आंबवायचं तर आंबटपणा हीच राखण.

कायद्याचं पण लिहून ठेवतो कारण कोणीतरी विचारणारच. इथे परवान्याशिवाय १ टक्का किंवा वर अल्कोहोल घरात बनवणं गुन्हा आहे, गाळणं तर लांबच. म्हणून मी कोजी करणार, तिची बिनदारूची आमाझाके (कोजीचं गोड पेय) करणार, आणि भट्टीचं मॉडेल करून त्यात गवती चहा गाळणार. काळ्या कोजीचं बियाणं ऑनलाइन मागवलं, वीस ग्रॅमची पुडी, एवढ्यात वीस किलो तांदूळ होतो म्हणे.

१४ सप्टेंबर, रविवार

आख्खा दिवस असाहिबाशी बस टर्मिनलच्या इमारतीतल्या प्रीफेक्चरच्या (म्हणजे प्रांताच्या) लायब्ररीत. माझं जपानी वर्तमानपत्रापुरतं, जुन्या मजकुराशी झटापट झाली, पण हाताला बरंच लागलं.

१४७७ मध्ये कोरियाच्या जेजू बेटावरचे काही लोक वादळात भरकटून योनागुनी बेटाला लागले. ते परत घरी पोचल्यावर त्यांच्याकडून जे विचारून घेतलं ते कोरियाच्या राजदरबाराच्या इतिवृत्तात आहे. योनागुनीत लोक तांदूळ चावून दारू आंबवतात, म्हणजे थुंकीच कोजीचं काम करते (विज्ञान बरोबर आहे, प्यायला मला देऊ नका), आणि पुढे नाहात त्यांना दक्षिणेकडून आलेली एक जहाल दारू दिसली, त्यांच्याकडच्या सोजूसारखी, दोनचार पेल्यांत माणूस आडवा. मग १५३४ मध्ये चीनचा राजदूत चेन कान नव्या राजाला मान्यतेची पत्रं द्यायला आला, त्याने लिहून ठेवलंय की ही दारू सियामकडून (म्हणजे आताच्या थायलंडकडून) येते. र्युक्यूची जहाजं तेव्हा सियामशी व्यापार करत होतीच, त्यामुळे गाळण्याची विद्या सियामहून आली असं बरेच जण धरतात, काही जण म्हणतात चीनच्या फूच्यानकडून. भांडणं चालू आहेत, मी पडत नाही.

'अवामोरी' हा शब्द कागदावर पहिल्यांदा दिसतो तो १६७१ मध्ये, राजा शो तेईने एदोला (आताचं टोकियो) जपानचा लष्करी सत्ताधीश, शोगून इएत्सुनाला पाठवलेल्या भेटींच्या यादीत. त्याआधी नुसतंच 'जाळलेली दारू' अशा अर्थाचं नाव. १६०९ मध्ये सात्सुमाच्या (दक्षिण जपानातल्या एका सरदार घराण्याच्या) फौजेने र्युक्यू घेतलेलं होतं, राजा नावाला राजा आणि वर नजराणे पाठवत राहा. म्हणजे आपल्याला नाव ठाऊक झालं ते नजराण्याच्या पावतीवरून. अवा म्हणजे फेस, मोरी म्हणजे ढीग, उंचावरून एका पेल्यातून दुसऱ्यात ओतायची आणि फेस किती साचतो, किती टिकतो त्यावरून कडकपणा ओळखायचा, हे एक स्पष्टीकरण. दुसरं असं की अवा म्हणजे राळं, कारण राजाच्या काळात तांदळाबरोबर राळंही वापरायचे. थाई तांदूळ आला तो विसाव्या शतकात! मी आत्तापर्यंत सगळ्यांना "पाचशे वर्षं थाई तांदळाची दारू" असं ठोकून सांगत होतो. हे सेशनमध्ये कबूल करायचं.

राजाच्या काळात वाटेल त्याला गाळता यायची नाही. राजधानी शुरीतली तीनच वस्त्या, आकाता, साकियामा आणि तोरिहोरी, तिथल्या ठरलेल्या लोकांनाच परवाना. तांदूळ सरकार देणार, दारू सरकारला द्यायची.

जाता जाता, अवामोरीचं नाही पण सोडवत नाही: कागोशिमात एका हाचिमान देवळाच्या दुरुस्तीत लाकडाचा तुकडा सापडला, त्यावर १५५९ साली सुतारांनी लिहून ठेवलंय की इथला पुजारी इतका चिक्कू आहे की एकदाही शोचू (जपानची भट्टीवर गाळलेली दारू) पाजली नाही, वैताग आहे. शोचू हा शब्द लिहिलेला सापडतो त्याच्या सगळ्यात जुन्या पुराव्यांपैकी हा एक. इतिहास लिहायला राजेच लागतात असं नाही, कावलेला सुतार पण पुरतो.

२० सप्टेंबर, शनिवार

मोनोरेलने शुरी. स्टेशन तोरिहोरीतच आहे, म्हणजे खाली उतरलात की जुन्या परवानेवाल्यांच्या वस्तीत. एका छोट्या भट्टीत आधी फोन करून गेलेलो. दारातच तिथल्या काकांनी विचारलं, सकाळी नात्तो खाल्लात का? नात्तो म्हणजे ते तारा सुटणारे आंबवलेले सोयाबीन. मी इमानदारीत हो म्हणालो. झालं, कोजीच्या खोलीत प्रवेश बंद. नात्तोचे जिवाणू कपड्याला, हाताला चिकटून येतात आणि कोजीपेक्षा भराभर वाढतात, तांदूळ चिकट होऊन बसतो. काका अजिबात रागावले नाहीत, फक्त हात आडवा धरला, आमच्याकडे सोवळ्यात मोरी ओलांडताना आजी धरायची तसा. खोटं बोलायला हवं होतं असं मला क्षणभर वाटलं, खरं सांगतो.

तर कोजीची खोली काचेतून. बाकी सगळं जवळून. भिंती, तुळया, छपराची आतली बाजू, सगळं काळं. काका म्हणाले पाहुण्यांना अस्वच्छ वाटतं, पण ही बुरशी घासून काढली तर आम्ही घाबरू. तांदूळ धुऊन, भिजवून, वाफवून चाळीसेक डिग्रीला आणतात, बियाणं भुरभुरवतात, मग पहिल्या दिवशी ऊब चाळिसाच्या आसपास ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी मुद्दाम पस्तिसाच्या आसपास खाली आणतात. का ते विचारलं. म्हणाले, "आधी गोड, मग आंबट." वहीत तेवढंच लिहिलं, नीट कळलं नव्हतं, कळायला माझे पाचशे ग्रॅम तांदूळ वाया जावे लागले, त्याबद्दल पुढे.

मोरोमीच्या टाकीवर वाकून बघितलं. राखाडी रंगाची पेज, मधूनच डबक्यासारखा एखादा बुडबुडा, वास केळ्याचा आणि लिंबाचा एकत्र. भट्टी स्टीलची, आत वाफ सोडून मोरोमी उकळतात, वरून हंसाच्या मानेसारखी नळी वाकून गार पाण्याच्या टाकीत जाते. पहिले थेंब सत्तर टक्क्यांच्या घरात, त्याला हानादारे म्हणतात. मी त्यांना सांगितलं आमच्याकडे याला पहिल्या धारेची म्हणतात आणि हा शब्द आम्ही माणसांनापण लावतो. काकांना ते फारच आवडलं, दोनदा म्हणून घेतलं, "पाहिऱ्या धारेची".

धार जसजशी पुढे जाते तसा कडकपणा उतरत जातो आणि शेवटी जळकट, आंबूस वास यायला लागतो, कुठे थांबायचं हे ज्याच्या त्याच्या भट्टीचं गुपित. सगळं एकत्र केलं की चाळीस-पंचेचाळीसच्या आसपास, मग पाणी घालून बहुतेक बाटल्या ३० टक्क्यांना. खाली उरलेला चोथा फेकत नाहीत, पिळून त्याचं मोरोमीसू नावाचं आंबट पेय करतात, बिनदारूचं, ओबा रोज सकाळी पिते.

२३ सप्टेंबर, मंगळवार (सुट्टी)

कोजी, बॅच १. तांदूळ ५०० ग्रॅम थाई, आठ वेळा धुतला, चार तास भिजवला, दीड तास निथळला, मोदकपात्रात सुती फडक्यावर पन्नास मिनिटं वाफवला. दाणा बोटात दाबला तर रबरासारखा, आत कच्चा नाही. ४१ डिग्रीला बियाणं अर्धा ग्रॅम. पूड म्हणजे अक्षरशः काजळ. चहाच्या गाळणीतून भुरभुरवली तर ओटा, टी-शर्ट आणि माझी नाकपुडी काळी झाली, पुढच्या वेळी मास्क. थर्माकोलच्या खोक्यात गरम पाण्याची बाटली ठेवून संध्याकाळी सहाला बंद.

२४ सप्टेंबर, बुधवार

दुपारी दोन. दाण्यावर पांढरे ठिपके! वास उकडलेल्या रताळ्यासारखा. टेम्परेचर ३९. हाताने फोडून मोकळं केलं. पाण्याची बाटली काढली, आता ती स्वतःच तापणार. रात्री अकराला ४२. झोपलो.

२५ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी सहाला ४९. खोक्याचं झाकण उघडलं तर चष्म्यावर वाफ. ढेकळं झालेली, मधले दाणे तपकिरी. चाखलं, गोड आहे, खूप गोड, पण आंबटपणा शून्य. आणि तेव्हा काकांचं वाक्य डोक्यात पेटलं. चाळिसाच्या आसपास बुरशी साखर करणारी एन्झाइम्स जास्त बनवते, पस्तिसाला आली की ॲसिड. मी तिला थंड होऊच दिलं नाही, उलट भाजली. म्हणजे अशी कोजी भट्टीत गेली असती तर मोरोमीला लिंबूफुलाची राखण मिळाली नसती आणि दोन दिवसांत नासली असती. थर्माकोलने काम चोख केलं, चूक माझी.

४ ऑक्टोबर, शनिवार

बॅच २, गुरुवारी दसऱ्याला लावलेली. यावेळी रात्री दर दोन तासांनी अलार्म. बायकोने उशी घेऊन हॉल गाठला. अठ्ठावीस तासांनंतर थर्माकोल सोडून तांदूळ बांबूच्या सुपात पातळ पसरला, वर ओलं फडकं, पंखा एक नंबरवर, ३४ ते ३६ मध्ये ठेवला. चव्वेचाळीस तासांनी हातात घेतला तर दाणे एकमेकांना धाग्यांनी धरलेले, पांढऱ्यावर राखाडी झाक, आणि चव!! आधी गोड आणि लगेच मागून जिभेच्या कडांना चिंच चाटल्यासारखं. कोमट पाण्यात घालून पीएच पट्टी बुडवली, साडेतीनच्या आसपास. आमाझाके आठ तास ५८ डिग्रीला लावली. पन्ह्यासारखी लागते, वेलची घातली तर कोणाला संशय येणार नाही.

थोडी कोजी मुद्दाम अजून दोन दिवस ठेवणार, पूर्ण काळी होऊ देणार, बी धरायला.

५ ऑक्टोबर, रविवार

आईशी कॉल. मी उत्साहाने सांगतोय की अशी बुरशी, तशी बुरशी, बी धरायला ठेवलीये. ती म्हणाली, "म्हणजे विरजणच की रे. संपलं तर शेजारी मागायचं, एवढं काय त्यात." मी म्हटलं आई, शेजारीच नसेल तर? म्हणाली, "असं कसं होईल?"

असं झालं होतं. गेले दोन आठवडे मी हा भाग लिहायचा टाळतोय. १ एप्रिल १९४५ ला अमेरिकन फौजा ओकिनावाच्या मुख्य बेटावर उतरल्या आणि जून संपेपर्यंत लढाई चालली. जपानी सैन्याचं मुख्यालय शुरी किल्ल्याच्या खाली भुयारात होतं, त्यामुळे तोफांचा सगळा मारा शुरीवर. म्हणजे नेमक्या त्या तीन वस्त्यांवर. शंभर-दोनशे वर्षं मुरलेली दारू ज्या घरांत बरण्यांमध्ये होती ती घरं गेली, बरण्या गेल्या, माणसं गेली. लढाई संपल्यावर गाळायला ना तांदूळ ना भांडी, लोकांनी अमेरिकन फौजेच्या सामानातून जे मिळेल ते आंबवलं, साखर, मका, चॉकलेटसुद्धा, आणि काहींनी इंधनाचं अल्कोहोल पिऊन डोळे आणि जीव गमावले. पण माझं लक्ष बुरशीवर अडकलं. तांदूळ जहाजाने परत येईल, भट्टी पत्र्यातून ठोकून काढता येईल, बुरशी कुठून आणणार? तेव्हा इथे बाजारात पुडी मिळत नव्हती, प्रत्येक भट्टीची आपली आपली होती, भिंतीत, तुळईत, चटईत. आणि भिंत, तुळई, चटई काही उरलं नाही.

इथे सांगतात ते असं. शुरीतल्या एका दारूवाल्याने आपल्या भट्टीच्या ढिगाऱ्याखाली खणलं, तर निकुबुकु सापडलं, म्हणजे कोजी पसरायची गवती चटई, मातीत गाडली गेलेली. तिचे तुकडे त्याने वाफवलेल्या तांदळावर भुरभुरवले आणि वाट बघत बसला. तांदूळ काळा झाला. मी चव्वेचाळीस तास अलार्म लावून काढलेत तेव्हा त्या माणसाने ते दोन दिवस कसे काढले असतील याचा मला थोडासा, अगदी थोडासा अंदाज आहे.

आणि शेजाऱ्याचं म्हणाल तर एक शेजारी होता, फक्त खूप लांब. टोकियो विद्यापीठाचे साकागुची किन्इचिरो, आंबवणशास्त्रातलं मोठं नाव, १९३५ मध्ये ओकिनावात भट्ट्याभट्ट्यांतून फिरून काळ्या कोजीचे नमुने घेऊन गेलेले. ते नमुने विद्यापीठात राहिले आणि १९९८ मध्ये लोकांच्या लक्षात आलं की त्यातले काही अजून जिवंत आहेत. शुरीतल्या झुइसेन भट्टीने त्यातल्या बुरशीपासून परत अवामोरी काढली, युद्धाआधीच्या विरजणाची, साठ वर्षांनी. आईला हे सांगितलं. थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "लिहून ठेव कोणाकोणाला दिलंस ते." म्हणजे माझ्या काळ्या बियाण्याबद्दल. तीन पुड्या करणार, एक ओबाला, एक ऑफिसातल्या मित्राला, एक फ्रीजरमध्ये.

१२ ऑक्टोबर, रविवार

भट्टीचं मॉडेल. भारतातून आणलेला जुना पाच लिटरचा कुकर, शिट्टी काढून त्या नळीवर सिलिकॉनचा पाइप, पुढे तांब्याची तीन मीटर नळी बादलीच्या आत वेटोळी करून, बादलीत बर्फाचं पाणी. नळी वाकवताना आत बारीक वाळू भरायची नाहीतर चपटी होते, हे मला नळी एकदा चपटी झाल्यावर कळलं. कुंडीतला गवती चहा पाव किलो, पाणी दोन लिटर.

पहिला प्रयत्न: मोठ्या आचेवर पाइप फट्कन निसटला आणि वाफेचा झोत थेट छताकडे. हात थोडक्यात वाचला. क्लॅम्प लावला, आच मंद केली. दुसऱ्या प्रयत्नात बावीस मिनिटांनी पहिला थेंब. पन्नास-पन्नास मिलिलिटर वेगळ्या ग्लासात धरत गेलो. पहिला ग्लास असा की नाक जवळ नेलं तरी झिणझिण्या, वर तेलाचे बारीक डोळे तरंगतायत. तिसरा बरा. सहावा म्हणजे गवती चहाची आठवण. नवव्यात उकडलेल्या पाल्याचा वास, पालक शिजवलेलं पाणी. बायकोला डोळे मिटून हुंगायला दिले, तिने सातव्यावर हात ठेवला, "इथे थांब." मी आठव्यावर थांबलो असतो. काकांचं गुपित म्हणजे हेच असणार, कोणाच्या तरी नाकावर सोडलेलं. सेशनमध्ये हे नऊ ग्लास ओळीने दाखवायचे.

१८ ऑक्टोबर, शनिवार

आणलेली बरणी आज भरली. त्सुबोयात गेलेलो, नाहातली कुंभारवस्ती, १६८२ मध्ये राज्याने वेगवेगळ्या भट्ट्यांतले कुंभार इथे एकत्र आणून बसवले तेव्हापासूनची. तिथल्या किमती बघून दुसरीकडच्या एका दुकानातून 'थोडा दोष' असं लिहिलेली स्वस्तातली घेतली, ३.६ लिटरची. ४३ टक्क्यांच्या मोठ्या बाटल्या दोन, १.८ लिटरच्या, अगदी काठोकाठ. भरण्याआधी तीन दिवस पाणी भरून ठेवलेलं, थेंब पडला नव्हता. भरलेल्या बरणीचं वजन ७.८४ किलो, लिहून ठेवतो.

तीन वर्षं मुरली की कुसू म्हणायची, जुनी दारू. आधी निम्म्याहून जास्त जुनी असली तरी लेबलवर कुसू चालायचं, २०१५ पासून शंभर टक्के तीन वर्षांची हवी. आणि उकुईच्या दिवशीच्या व्हॅनिलाचं कोडं सुटलं. व्हिस्कीला व्हॅनिला लाकडाच्या पिंपातून येतो, इथे पिंप नाहीच. तांदळाच्या पेशींच्या भिंतीत फेरुलिक ॲसिड असतं, कोजी ते मोकळं करते, भट्टीच्या उष्णतेत त्याचं दुसरं एक संयुग होतं आणि मुरता मुरता त्याचं व्हॅनिलिन. म्हणजे तोही बुरशीचाच उद्योग.

खरी मजा शित्सुगीची. मोठ्या घरांत बरण्या ओळीने, पहिली सगळ्यात जुनी. पहिलीतून जेवढी काढली तेवढी दुसरीतून पहिलीत, दुसरीत तिसरीतून, शेवटच्या बरणीत नवी. आमची आई लोणच्याच्या बरणीत असलं काही करू देणार नाही, जुन्यात नवीन घातलं की बुरशी येते म्हणेल, पण ४३ टक्क्यांत बुरशीची काय बिशाद. शेवटचा राजा शो ताई, त्याचा मुलगा शो जुन हा कुसूचा मोठा दर्दी, त्याने या पद्धतीवर लिहून ठेवलंय आणि चांगल्या कुसूचे तीन वास सांगितलेत. एक, केसांना लावायच्या सुगंधी तेलाचा. दोन, पिकलेल्या रसभरीसारख्या फळाचा. तीन, बोकडाचा. हो, बोकडाचा, वयात आलेल्या. तो १९४५ मध्येच गेला, त्याच्या बरण्यांबरोबर.

१८५३ मध्ये अमेरिकेचा कमोडोर पेरी शुरीत जेवायला बसला तेव्हा त्याच्या माणसांना ही दारू फ्रेंच लिकरसारखी वाटलेली. बोकडाचा उल्लेख त्यांनी केलेला नाही.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

लक्ष्मीपूजन. चकल्या मऊ पडल्या. प्रकल्पाचं काही नाही.

२५ ऑक्टोबर, शनिवार

ग्रुपवर विषय टाकल्यावर पहिला प्रश्न अपेक्षेप्रमाणे "किती चढते". त्यासाठी योनागुनीची स्लाइड केली. तैवानपासून १११ किलोमीटरवरचं बेट, तिथे पहिल्या धारेचीच वेगळी काढून ६० टक्क्यांची हानाझाके विकतात. ४५ च्या वर गेली की करासाठी तिचा वर्गच वेगळा. तिथे माणूस गेला की थडग्यात दोन बाटल्या ठेवायची पद्धत, काही वर्षांनी थडगं उघडतात तेव्हा त्यातल्या दारूने हाडं धुवायची. हे वाचल्यावर 'चढते' वगैरे स्लाइडचं शीर्षक बदललं.

अजून एक स्लाइड कराची. १९७२ मध्ये ओकिनावा जपानकडे परत आलं तेव्हापासून इथल्या अवामोरीला करात सवलत, ती आता टप्प्याटप्प्याने २०३२ पर्यंत संपणार. पंचेचाळीसच्या आसपास भट्ट्या आहेत, बऱ्याचशा घरच्याघरी चालवलेल्या. २०२४ च्या डिसेंबरमध्ये युनेस्कोच्या यादीत कोजीची विद्या गेली, त्यात अवामोरी पण आहे. काकांना विचारलेलं, फरक पडला का? म्हणाले, फोटो काढणारे वाढले.

१ नोव्हेंबर, शनिवार

सेशन झालं. दीड तास ठरलेला, सव्वादोन चालला. थाई तांदळाबद्दलची थाप कबूल केली, कोणाला आठवतही नव्हती. नऊ ग्लासांवर सगळे खूश, फक्त वास कॅमेऱ्यातून जात नाही. सावंतवाडीचे मामा (गेस्ट म्हणून बसलेले) म्हणाले, आमच्या काजूच्या फेणीला २००९ मध्ये जीआय (म्हणजे ठरावीक भागाच्या मालाला मिळणारं नावाचं संरक्षण) मिळाला, तुमच्या या बाईला? म्हटलं मामा, 'र्युक्यू' १९९५ पासून. मामा थोडे पडले, मग म्हणाले, "पण बोंडूचा वास नाय ना तिला." मान्य.

चटईची गोष्ट सांगत होतो तेव्हा मधेच नेट गेलं. परत आलो तर ग्रुपमधल्या एक काकू बोलत होत्या, त्यांच्या सासूबाई गावावरून पुण्यात येताना विरजणात रुमाल बुडवून, वाळवून, तो पदरात बांधून आणायच्या. मी पुढची स्लाइड लावली नाही, त्यांनाच बोलू दिलं.

२ नोव्हेंबर, रविवार

बरणीच्या खाली ठेवलेला वर्तमानपत्राचा कागद ओला. वजन ७.६१. पंधरा दिवसांत २३० ग्रॅम. पाणी नाही झिरपलं पण अल्कोहोल झिरपतंय, 'थोडा दोष' म्हणजे हा. या हिशोबाने मे संपायच्या आत बरणी कोरडी. दुकानात जाऊन भांडण्यात अर्थ नाही, लेबलवर लिहिलेलंच होतं.

परत काचेच्या बाटल्यांत भरली, काचेतही मुरते, फक्त सावकाश. एक पूर्ण भरली, दुसरी गळ्याच्या खाली चार बोटं. दोन्हींवर चिकटपट्टी लावून १८ ऑक्टोबर २०२५ लिहिलं आणि पलंगाखाली सरकवल्या. बरणी ओबा घेऊन गेली, मीठ ठेवायला.